कोकरांच्या पडवीतला लॅपटॉप

माझ्या दुकानात बिघडलेला लॅपटॉप घेऊन येणारं माणूस आधी माफी मागतं. "वॉरंटी संपलीय हो ताई," असं खाली मान घालून सांगतं, जणू मुदत त्यानंच चुकवली. मी त्याला खुर्ची देते आणि मग माझं ठरलेलं भाषण सुरू करते. वॉरंटी हा कंपनीनं दिलेला शब्द आहे. त्याची मुदत संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली. वस्तूचं आयुष्य संपलं, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. आपण मात्र तसंच समजतो, आणि आपण तसं समजावं यातच विकणाऱ्यांचा फायदा आहे. भाषण लांबतं. बहुतेक गिऱ्हाइकांना ते चहा संपेपर्यंत ऐकावं लागतं.

ही सवय घरातून आली. आमचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. धरणात जमीन गेली तेव्हा वडील तरुण होते आणि तेव्हापासून आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. धरणग्रस्तांची, कालव्याच्या पाण्याची, रेशनची, एसटीच्या बंद केलेल्या फेऱ्यांची. मांडणीवर डब्यांखाली पत्रकं अंथरलेली, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. मी अक्षरं लावायला शिकले ती जाड ठशातल्या मथळ्यांवरून. त्यामुळेच असेल, मला अजूनही हळू आवाजात लिहिता येत नाही. वाचकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

दुकान आळेफाट्याला, टायरवाला आणि बी-बियाण्यांचं दुकान यांच्या मधल्या गाळ्यात. मी इंजिनियर नाही. मंचरला एका दुकानात टीव्ही खोलायला शिकले, टीव्हीवरून लॅपटॉपवर आले. अजूनही निम्मी माणसं दारात उभी राहून आत डोकावतात आणि विचारतात, "मिस्तरी कुठं गेले?" मी म्हणते, बसा, येतीलच. मग स्क्रू-ड्रायव्हर हातात घेते.

या धंद्याबद्दल बाहेरच्या माणसाला एवढंच कळलं तरी पुरे. लॅपटॉपच्या पोटात एक हिरवी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. चार्जरमधून आलेली वीज त्या पाटीवर कुकडीच्या कालव्यासारखी फिरते. आधी मोठा पाट, मग चारी, मग शेतापर्यंतचे दांड. प्रत्येक वळणावर एक दार. एखादं दार अडकलं की पुढची सगळी शिवारं कोरडी. कंपनीच्या सेंटरला नेलं तर ते सांगतात, कालवा नवा बांधावा लागेल. म्हणजे अख्खी पाटी बदला, आणि तिची किंमत ऐकून माणूस नवाच लॅपटॉप घेतो. आमच्यासारखे लोक काय करतात, तर मीटरची टोकं हातात घेऊन पाटाच्या कडेनं चालत जातात आणि पाणी कुठं थांबलंय ते शोधतात. ते दार हरभऱ्याच्या डाळीपेक्षा लहान असतं. ते उचलायचं आणि दुसरं बसवायचं. बस, एवढाच धंदा.

यात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि ती मला गिऱ्हाइकांनी शिकवली. डिंभ्याकडचे एक गुरुजी लॅपटॉप खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून आणायचे. एसटी येईल त्या दिवशी यायचे. झाकणाचं बिजागर तुटलेलं, ते त्यांनी सायकलच्या ट्यूबनं बांधलं होतं. कंपनी म्हणाली, वरचा सगळा भाग बदला. गुरुजी म्हणाले, वरच्या भागाला काय झालंय, मोडलंय ते बिजागर. मी आरपार भोकं पाडून नटबोल्ट आवळले. आता तो लॅपटॉप दिसायला ट्रॅक्टरच्या बॉनेटसारखा दिसतो, पण त्यावर पोरं अजून धडे बघतात. दुसरा एक बेल्ह्याच्या बैलबाजारातला दलाल. तो गुरांचे फोटो लॅपटॉपवर ठेवून लांबच्या व्यापाऱ्यांना दाखवायचा. पडदा काळा झाला की झाकणाला बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारायचा आणि चित्र परत यायचं. आतली एक तार सैल होती, ती मी घट्ट केली. आठ-दहा दिवसांनी तो तक्रार घेऊन आला. "ताई, चालतंय झ्याक. पण आता थाप मारायची सवय कुठं न्यायची राव?"

असल्या माणसांमुळे हा धंदा मला आवडतो. पण मला लिहायचं आहे ते सारिकाबद्दल.

दसरा होऊन गेला होता. बोरी बुद्रुकचे सोपानतात्या मोटारसायकलवर आपल्या मुलीला, सारिकाला, घेऊन आले. तात्या मेंढरांवाले. दिवाळी झाली की त्यांचं कुटुंब मेंढरं घेऊन माळशेज उतरून कोकणात जातं आणि पावसाच्या आधी परत वर येतं. तात्या, त्यांचा मुलगा आणि मुलांची आई हिराबाई. बायकांच्या वाट्याला बिऱ्हाड आणि कोकरं. सारिका मात्र शाळेसाठी मामाच्या घरी राहिली आणि पुढं बी.कॉम. झाली. लॅपटॉप कॉलेजात असताना घेतलेला. तो बंद पडला, त्याच्या आधी थोडेच दिवस त्याची वॉरंटी संपली होती.

काम काय आहे, हे तिनं मला पहिल्या पाच मिनिटांत नीट सांगितलं. पुण्यातल्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. घरी बसून फोन घ्यायचे, पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या तक्रारी ऐकायच्या, नोंदवायच्या. लॅपटॉप ज्याचा त्यानं आणायचा, ही त्यांची अट. पुढच्या सोमवारी काम सुरू होणार होतं. त्याआधी व्हिडिओवर मशीन दाखवायचं, आणि ते चालत नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

"आणि आईचे गुडघे गेलेत," ती म्हणाली. मग सगळं सांगत गेली. गेल्या वर्षी घाट उतरताना हिराबाई रस्त्याच्या कडेला बसली ती बराच वेळ उठलीच नाही. तात्यांनी तिला घोड्यावर बसवलं, बिऱ्हाड उतरवून. यंदा तिला नेऊ नये असं सगळ्यांना वाटत होतं, पण मग कोकरं कोण बघणार? पगार आला तर तात्या एक गडी लावणार होते. घरात एक पगार आला तर एक माणूस चालायचं थांबू शकतं, असा हा सरळ हिशेब होता, आणि तो सगळा माझ्या टेबलावरच्या त्या बंद डब्यावर येऊन टेकला होता.

मी विचारलं, पुण्याला दाखवलं का? दाखवलं होतं. तिथल्या मुलानं उघडून बघितलं, मोबाइलवर फोटो काढून हिला दाखवला. पाटीवर हिरवट बुरा. तो म्हणाला, पाणी सांडलंय. वॉरंटी असती तरी यात बसलं नसतं, बोर्ड पूर्ण बदलावा लागेल. सारिका म्हणाली, यावर पाण्याचा थेंब पडलेला नाही. तो हसला.

"ताई, तो काय बोलला त्याचं मला काय वाटलं नाय," सारिका मला म्हणाली. "पर तो हसला. म्हंजे मी खोटं बोलते असं त्यानं धरूनच चाललं व्हतं."

माझं रक्त उसळलं. माझं असं लगेच होतं. मी तिथल्या तिथं तिला सांगायला लागले की बिघाडाचं कारण लेखी मागायचं असतं, फोटो आपल्याकडं ठेवायचा असतो, बदललेला भाग परत मागायचा असतो, ग्राहक मंचाचा दरवाजा कुणाच्या बापाचा नाही. दरवाज्यात टेकून उभे असलेले तात्या शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "उघडून बघता का?"

उघडलं. झाकण वर आलं तसा एक वास आला. डोळ्यांत झोंबणारा, ओळखीचा, पण लॅपटॉपमध्ये कधी न आलेला. मी भिंग लावून बघू लागले. पाणी सांडलं की त्याचा ओघळ दिसतो. एका जागी डबकं होतं, कडेला भरती-ओहोटीसारखी रेघ राहते, बाकी पाटी स्वच्छ असते. इथं तसं काहीच नव्हतं. हिरवट बुरा सगळीकडे सारखा, दव पडावं तसा, जिथं म्हणून तांबं उघडं होतं तिथं. हे वरून सांडलेलं नव्हतं. हवेतून आलं होतं.

मी विचारलं, हा ठेवता कुठं?

सारिकानं तात्यांकडं पाहिलं. तात्या म्हणाले, "पडवीत. आन कुठं?"

मग एकेक कळलं. त्यांच्या घराला पुढं पडवी आहे. बिबट्या गावात फिरायला लागल्यापासून तात्यांनी ती वरपर्यंत पत्र्यानं बंद केली, खिडकीसुद्धा ठेवली नाही, दाराला लोखंडी अडसर. रात्री लहान कोकरं तिथं कोंडतात. घरातलं चार्जिंगचं एकमेव धड बटणही तिथंच, आणि मोबाइलची रेंजही तिथंच येते. सारिका कोकरांच्या शेजारी लोखंडी पेटीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करायची, रात्री तिथंच चार्जिंगला लावायची. पावसाळाभर पडवी बंद, जमीन ओली, कोकरांच्या मुताची वाफ आत कोंडलेली. ती वाफ तांबं खाते. लॅपटॉपला पंखा असतो, तो बाहेरची हवा आत ओढतो. म्हणजे कोकरं जी हवा घेत होती तीच हा लॅपटॉप अख्खा पावसाळा पोटात घेत होता.

मी हे सांगितलं तेव्हा तात्यांनी डोक्यावरची टोपी मागं सरकवली. "म्हंजी कोकरांनी खाल्ला म्हना की."

"तुम्ही तिथं का ठेवलात?" मी विचारलं. विचारल्यावर माझं मलाच उत्तर कळलं होतं, पण सारिकानं ते दिलंच. "घरातली सगळ्यात राखीव जागा तीच हाय ताई. कोकरं तिथं, म्हनून लॅपटॉप तिथं."

माझ्या कामाच्या इतक्या वर्षांत लॅपटॉप मरायची कारणं मी पुष्कळ पाहिली. मुंग्या, चहा, ट्रॅक्टरवरचे धक्के, तुटलेल्या न्यूट्रलमुळे घरात घुसलेली चढी वीज. जपल्यामुळे मेलेला हा पहिलाच.

मला आता त्या हसणाऱ्या मुलाला पत्र लिहायचं होतं. जाड ठशात. हे पाणी नाही, तुम्ही तिला खोटं ठरवलं, माफी मागा. मी मजकूर मनात जुळवायलाही लागले होते. सारिका म्हणाली, "ताई, भांडण करू. पर नंतर करू. मला आधी कामावर बसू द्या."

तिचं बरोबर होतं. पत्रकाला उद्या चालतं, तिला नव्हतं चालत. मी कामाला लागले.

पाटी बाहेर काढली. स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन तो बुरा काढायला लागले. हे काम तांदूळ निवडण्यासारखं असतं, घाई केली की खडा राहतो. मग पाटाच्या कडेनं चालणं. चार्जरची वीज आत येत होती, पहिलं दार ओलांडत होती आणि दुसऱ्या दारात मरत होती. ते दार, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी छोटी चिप, पायांपाशी कुरतडलं गेलं होतं. कंपनी असा भाग सुटा विकत नाही. विकला तर पाटी कोण घेणार? म्हणून आम्ही मेलेले लॅपटॉप फेकत नाही. माझ्या मागच्या फळीवर त्यांची रांग आहे आणि लोक तिला भंगार म्हणतात. मी तिला रक्तपेढी म्हणते. त्याच जातीच्या एका लॅपटॉपची चिप गरम हवेनं उचलली, या पाटीवर बसवली. चार्जरची पिन बसते तो कनेक्टरही दुसरा घातला.

शुक्रवारी दुपारी दोघं पुन्हा आले. मी त्यांच्यासमोर बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. सारिकानं एका बोटानं, एकेक अक्षर बघून पासवर्ड टाकला आणि तिचा तो जुना फोटो समोर आला. कडेवर कोकरू घेतलेली हिराबाई, उन्हात डोळे बारीक केलेली.

"आलं व्हय?" तात्यांनी दारातून विचारलं. आत यायला ते कचरत होते. त्यांच्या अंगाला मेंढरांचा वास येतो, असं त्यांना कुणीतरी पुण्यात सांगितलं असावं.

मी त्यांना आत बोलावलं आणि मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. ते सांगणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. मी म्हणाले, माझ्या कामाची हमी माझी. पण पाटीच्या आत थरांवर थर असतात, त्यांत बारीक भोकांतून तांबं खाली गेलेलं असतं. तिथं काय खाल्लं गेलंय ते मला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. हा दोन वर्षं चालेल किंवा पंधरा दिवसांत बसेल. हे मी कागदावर लिहूनही देते.

तात्यांनी मान हलवली. सारिकानंही. आणि तेवढ्यात लॅपटॉपवर कॉल वाजला. व्हिडिओवर मशीन बघायची कंपनीची वेळ हीच होती, आणि रेंजसाठी माझं दुकान बरं म्हणून तिनं ती इथंच लावून घेतली होती.

मी टेबलावरचा पसारा बाजूला केला. तिनं हेडफोन घातला नाही, घाईत राहिला असेल. त्यामुळे पलीकडच्या मॅडम आम्हा तिघांनाही ऐकू येत होत्या. स्वच्छ, भरभर बोलणाऱ्या बाई. आणखी बऱ्याच जणींचं बघायचं असणार. मॅडम म्हणाल्या, इंटरनेट ठीक आहे, आवाज ठीक आहे, आता मशीन सुस्थितीत आहे एवढं सांगा म्हणजे मी पुढं जाते.

सारिकानं लगेच हो म्हटलं नाही. तात्या तिच्या पाठीमागं, कॅमेऱ्यात न येतील असे उभे होते. ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बरं हाय म्हन. चालू तर हाय. तिथं कोन बघाय येतंय?"

तात्यांना मी आजही दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर घाटातली ती कड होती, जिथं त्यांची बायको बसली होती.

सारिकानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं डावा हात उचलला आणि लॅपटॉपच्या कडेवर, उघड्या झाकणाच्या पाठीशी, पसरून ठेवला. तात्यांच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला. त्यांना ते माझ्याआधी कळलं.

हे मला त्यांनी नंतर सांगितलं, पण वाचकांना इथंच सांगते. बेल्ह्याच्या बाजारात तात्यांच्या घराण्याची एक रीत आहे. मेंढा विकताना त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि गिऱ्हाइकानं विचारायच्या आत त्याची खोड सांगायची. हा मारका आहे, याचं एक खूर दुखरं आहे, हा पावसात खोकतो. हात पाठीवर असताना खोड लपवली तर त्या माणसाकडून पुढं कुणी जनावर घेत नाही. तात्यांचे वडील तसं करायचे, तात्या करतात. लहानपणी सुट्टीत सारिका त्यांच्याबरोबर बाजाराला जायची आणि मेंढ्याच्या दुसऱ्या बाजूनं तीही आपला हात ठेवायची.

"मॅडम, चालू हाय," ती म्हणाली. "पर एक सांगायचंय. याची दुरुस्ती झालीय. आत गंज व्हता. काढलाय, पर सगळा निघालाय का ते दिसत नाय. मधीच बंद पडू शकतो."

मॅडम थांबल्या. "म्हणजे नक्की काय? चालू आहे की नाही?"

"आज चालू हाय. सोमवारी बी चालू राहील असं वाटतं. पर मी 'सुस्थितीत' म्हनले आन मधीच बंद पडला, तर तुमी मला खोटी म्हनाल."

"आणि पडलाच बंद, तर फोन कोण घेणार?"

सारिकानं आता माझ्याकडं पाहिलं. आमचं यावर काही बोलणं झालेलं नव्हतं. ती म्हणाली, "तर मी आळेफाट्याला या ताईंच्या दुकानात येऊन बसेन. इथं दुसरं मशीन हाय."

मी मान डोलावली. मग लक्षात आलं की ती मान पलीकडं दिसत नाही. मी कॅमेऱ्यासमोर तोंड नेलं आणि म्हणाले, "हो, बसेल. इन्व्हर्टरही आहे." एवढं लहान भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, मला विचारून सांगावं लागेल. आणि कॉल बंद झाला.

सारिकानं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला. तात्या बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारू लागले, ती लागत नव्हती. मी त्यांच्यामागं गेले. मला वाटलं ते रागावलेत. ते किक मारता मारता माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाजाराला नेत व्हतो हिला. तेच चुकलं माजं." आणि मग हसले. गाडी लागली, मागं सारिका बसली, आणि दोघं बेल्ह्याच्या रस्त्याला लागले.

त्या संध्याकाळी मला दुसरं काम सुचलं नाही. मी पत्रकांवर वाढले. खरं बोलावं, ताठ बोलावं, हे मी जाड ठशात पुष्कळ वाचलं आहे आणि लिहिलंही आहे. पण पत्रक आपण दुसऱ्याला वाटतो. तोटा झाला तर तो सगळ्यांचा मिळून होतो. ही मुलगी एकटी होती, तोटा तिच्या आईच्या गुडघ्यांचा होता, आणि सेंटरवाल्यानं नुकतंच तिच्या खऱ्या शब्दाला हसून उडवलं होतं. तरीही तिनं दुसऱ्यांदा खरंच सांगितलं. इतकं धैर्य मी कुठल्या सभेत पाहिलेलं नाही.

शनिवारी सारिकाचा फोन आला. मॅडमनी तिला घेतलं होतं. फार कौतुक वगैरे केलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, सगळ्या जणी 'सुस्थितीत' म्हणतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणाचं ना कुणाचं बंद पडतं, मग आमची पळापळ. तुमचं बिघडू शकतं हे आधी कळलं, पर्यायी जागा कळली, म्हणजे तुमची पाळी मला लावता येते. पहिला महिना बघू, मग पुढचं.

लॅपटॉप एकदा बसलाच. दिवाळीच्या आधी, भर कामात. सारिका मिळेल त्या जीपनं दुकानात आली आणि माझ्या टेबलाच्या एका टोकाला बसून फोन घेऊ लागली. दुसऱ्या टोकाला मी तिच्या लॅपटॉपवर वाकलेली. पाटीच्या खालच्या अंगाला एक वाट तुटली होती. तिच्यावरून केसासारखी तार ओढून मी ती जोडली. ते करताना तिचं बोलणं कानांवर पडत होतं. कुणाचं तरी मशीन गळत होतं आणि त्या माणसाचीही मुदत संपली होती. "हो काका, वॉरंटी संपलीय," ती म्हणत होती. "थांबा, फोन ठेवू नका. आधी मागचा पाइप हातानं घट्ट करून बघा." तिला तसं सांगायला कंपनीनं शिकवलेलं नसणार. मला तिच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली, पण हातात गरम सोल्डरिंग आयर्न होतं.

त्यानंतर तो लॅपटॉप चालतो आहे. पडवीतून तो मागच्या खोलीत गेला. तात्यांनी तिथं वायर ओढून घेतली, हवेसाठी आणि रेंजसाठी खिडकी पाडली आणि बिबट्यासाठी तिला गज लावले. हसणाऱ्या मुलाला मी पत्र लिहिलंच, फोटोसकट. उत्तर आलेलं नाही. येणार नाही हे मला माहीत आहे. मी पुन्हा लिहीन.

दिवाळी झाली आणि मेंढरं गेली. तात्या, मुलगा आणि नवा गडी. हिराबाई घरी राहिली.

पौषात मी नवी बॅटरी बसवायला बोरीला गेले. सकाळची वेळ होती. आतून सारिकाचा फोनवरचा आवाज येत होता. हिराबाई दारापुढं उन्हात घोंगडीवर पाय पसरून बसली होती. मला तिनं शेजारी बसवून घेतलं. मी विचारलं, मावशी, करमतं का? ती म्हणाली, रात्री दोनदा उठते, कोकरं ओरडली असं वाटतं, मग आठवतं की ती कोकणात आहेत. तेवढं बोलून ती समोर बघत बसली. नदीच्या बाजूला धुकं अजून विरायचं होतं. हरभरा घाट्यांवर आला होता, बांधावर कुणीतरी शेकोटी केली होती, पलीकडच्या आळीतली एक बाई हिला हाक मारून गेली.

"लगीन करून या घरात आले, तवापास्नं थंडीच्या दिसांत म्या हितं कधी नव्हतेच गं," हिराबाई म्हणाली. "दर साल दिवाळी झाली की निगायचो. हे समदं मला ठावंच न्हाई."

मग गुडघ्यावरून हात फिरवत, समोरच्या शिवारावरून नजर न काढता, ती म्हणाली,

"गाव लई चांगलं हाय की आमचं."